वर्गणी मंडळाकडे, माहिती गटाकडे

आम्ही मुंबईत लालबाग, परळ, दादर या भागातल्या चाळींमध्ये बचत गटांचं काम बघतो. आमच्या गटांतल्या पुष्कळ बायांचं माहेर नाहीतर सासर तुमच्याच बाजूचं आहे. कुणी साताऱ्याची, कुणी रत्नागिरीची, कुणी सिंधुदुर्गातली. त्यामुळे आज जे सांगणार आहोत ते मुंबईचं असलं तरी तुम्हाला परकं वाटणार नाही.

आज बोलायचं आहे तरुण मंडळांबद्दल. मंडळ म्हटलं की आधी कानात डीजे वाजतो. आमच्याही वाजतो, खोटं कशाला बोला. पण याच मंडळांतली पोरं वर्षाचे बाकीचे महिने काय करतात, आणि त्यांच्याकडून गरजू मुलांसाठी आणखी काय करून घेता येतं, हे आम्ही जवळून बघितलं आहे.

थोडं मागचं सांगतो. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत 1893 साली सार्वजनिक गणपती बसला. पुढे गिरण्यांमुळे लालबाग-परळ माणसांनी भरून गेलं. गावाकडून आलेला गडी बायकामुलांना गावी ठेवून यायचा. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीनं झोपायचे. एक पाळीवरून आला की दुसरा कामाला निघायचा. अशा माणसांना एकमेकांचाच आधार. मग व्यायामशाळा निघाल्या, भजनी मंडळं निघाली, कबड्डीचे संघ निघाले. लालबागच्या गणेश गल्लीतलं मंडळ 1928 सालचं. लालबागच्या राजाचं मंडळ 1934 सालचं. बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून तिथल्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी बोललेल्या नवसातून ते उभं राहिलं.

त्याही आधी, 1911 साली, ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली होती. परळचा दामोदर हॉल त्याच संस्थेचा. कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवणं हे तिचं मोठं काम. दिवसा गिरणीत आणि रात्री बाकावर, असं करून कितीतरी जण शिकले. आज लालबाग-परळच्या मंडळाच्या खोलीत जी अभ्यासिका दिसते, तिचं मूळ आम्हाला तिथं दिसतं.

या अभ्यासिकेचं महत्त्व गावात बसून पटकन कळत नाही. तुमच्याकडे निदान ओटा असतो, अंगण असतं. इथे बीडीडी चाळीची खोली 160 चौरस फुटांची. त्यात स्वयंपाक, मोरी, म्हातारे सासू-सासरे, टीव्ही आणि पाच-सहा माणसं. दहावीच्या मुलीनं पुस्तक उघडायचं कुठे? पूर्वी मुलं गॅलरीत नाहीतर रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास करत. मंडळाच्या कार्यालयात रात्री चार ट्यूबलाइट लावल्या, बाकडी टाकली आणि कुलूप उघडायला एक कार्यकर्ता नेमला, एवढ्यावर अभ्यासिका चालते. फार पैसा लागत नाही. मोठ्या मंडळांचं काम मोठं. लालबागच्या राजाच्या मंडळाची पुस्तकपेढी आहे, कमी दरातलं डायलिसिस केंद्र आहे. 2020 साली कोरोनामुळे त्यांनी मूर्तीच बसवली नाही, त्याऐवजी आरोग्योत्सव केला आणि रक्तदान, प्लाझ्मादान घेतलं. पण आम्हाला सांगायचं आहे ते लहान मंडळांचं, ज्यांचं नाव टीव्हीवर येत नाही त्यांचं.

आमच्या एका चाळीत नववीतला एक मुलगा होता. वडील अचानक वारले. आई घरकाम करणारी, पाठीवर धाकटी बहीण. मुलगा शाळेत जात होता, त्यामुळे शाळेच्या लेखी सगळं ठीक. पण संध्याकाळी कबड्डीच्या सरावाला तो येईनासा झाला. सलग आठ दिवस दिसला नाही तेव्हा शिकवणाऱ्या दादानं घरी चौकशी केली. तेव्हा कळलं की पोरगा पहाटे चारला दादरच्या फूल बाजारात पाट्या उचलायला जातो, तिथून शाळेत जातो आणि संध्याकाळी जेवायच्या आधीच झोपतो.

शाळेच्या हजेरीत जे आलं नाही ते मैदानावरच्या हजेरीत आलं. मंडळाची खरी ताकद आम्हाला इथं वाटते. मैदानावर कोण थकलंय, कुणाच्या पायातली चप्पल तुटलीय, कोण मार खाऊन आलंय, हे रोज दिसतं.

पुढचं काम मात्र पोरांना एकट्यानं जमणारं नव्हतं. एक तरुण मुलगा जाऊन नुकत्याच विधवा झालेल्या बाईला पैशांचं कसं विचारणार? त्यांनी आमच्या गटातल्या काकींना सांगितलं. काकी गेल्या, चहा घेतला आणि तासाभरात सगळं समजून घेऊन आल्या. भाडं किती थकलंय, दुकानदाराची उधारी किती, कोणत्या नातेवाइकानं हात वर केलेत. गटानं तिला सभासद करून लगेच लहान कर्ज दिलं. मंडळानं मुलाची क्लासची फी परस्पर भरली. आणि मंडळातला एक शिकलेला पोरगा बालसंगोपन योजनेच्या अर्जासाठी तिच्याबरोबर हेलपाटे घालू लागला. चार-पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला तिचा कामाचा खाडा. म्हणून नंतरच्या फेऱ्या त्यानं एकट्यानं केल्या आणि जिथं तिची सही लागणार तिथेच तिला नेलं. अर्ज मंजूर झाला. मुलानं फूल बाजार सोडला आणि सरावाला परत येऊ लागला.

ही योजना सगळ्या महाराष्ट्राची आहे. आई किंवा वडील, नाहीतर दोघंही नसलेल्या आणि आणखी काही अडचणींतल्या, 18 वर्षांखालच्या मुलांना महिन्याला 2,250 रुपये मिळतात. तुमच्या गावातही अशी मुलं आहेत. त्यांच्या घरच्यांना योजना ठाऊक नसते, आणि असली तरी कागदं कुणी जमवायची हा प्रश्न असतो.

आता मदत देण्याच्या रीतीबद्दल थोडं कडू बोलतो. जून महिना आला की वह्यावाटप. स्टेज, हार, पाहुणे. माइकवरून नाव पुकारायचं, गरजू विद्यार्थी म्हणून मुलाला वर बोलवायचं, वही देताना तिघांनी हात लावायचा आणि फोटो काढायचा. आमच्या भागातल्या एका मंडळानं हेच केलं, आणि ज्यांना खरोखर गरज होती त्यातल्या तीन घरची मुलं आलीच नाहीत. एक आई म्हणाली, "वह्या उधार आणीन, पण पोरीला तिच्या मैत्रिणींसमोर गरीब म्हणून उभी करणार नाही." दोनशे रुपयांच्या वह्यांसाठी तेरा वर्षांच्या मुलीची मान खाली घालायला लावायची, याला मदत म्हणायचं तरी कसं?

गटाच्या बाया मंडळाच्या बैठकीला गेल्या. भांडायला नाही, हिशेब घेऊन गेल्या. चाळीत शाळेत जाणारी मुलं किती आणि सगळ्यांना सारख्या वह्या द्यायच्या तर खर्च किती, हे मांडलं. स्टेज आणि हार वगळले तर त्याच पैशात बसत होतं. पुढच्या वर्षापासून सरसकट सगळ्यांना वह्या. आणि ज्या घरात जास्त गरज आहे त्यांची नावं गटाच्या दोन बाया मंडळाच्या अध्यक्षांना तोंडी सांगतात. कागदावर नाही, माइकवर तर नाहीच. फी शाळेत परस्पर जाते.

एक-दोन कार्यकर्ते नाराज झाले. फोटो नाही तर पुढच्या वर्षी देणगीदार कसा मिळणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही अगदी चूक नाही. मग रक्तदान शिबिराचे फोटो लावायचे ठरलं. रक्त देणाऱ्याचा फोटो काढला तर त्याची मान खाली जात नाही.

मुलींचं काय, हे कुणीतरी विचारणारच. बहुतेक मंडळं पोरांचीच. पण दादरला शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन बघा, मुली दोरीच्या मल्लखांबावर सरसर चढतात. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी अंध मुलांना, अनाथ मुलांनाही मल्लखांब शिकवला. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे कबड्डी, खो-खोला मैदानापलीकडे फार खर्च नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. मंडळाचा संघ संघटनेशी जोडलेला आहे का, हे मुलीला पाठवण्याआधीच विचारा.

आणखी एक विचारायचं, दहीहंडीचं. सगळ्यात वरच्या थरावर हलकं पोर लागतं, आणि ते बहुतेक गरिबाघरचंच असतं. 14 वर्षांखालच्या मुलांना थरांत घेणार नाही असं राज्य सरकारनं 2017 साली मुंबई उच्च न्यायालयात सांगितलं आहे. तेव्हा कुणी कितीही कौतुक केलं तरी पोराला वर चढवू देऊ नका.

बायांनी पैशाचा व्यवहार हातात घेणं मंडळाच्या पोरांना नवं वाटतं, या भागाला ते नवं नाही. गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खाणावळवाल्या बायांना घेऊन प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली दादरला अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. सावकाराच्या व्याजातून सुटावं म्हणून त्या बायांनी बँकेचं कर्ज मिळवलं. 1982 चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, कितीतरी कामगार गावी परतले. तेव्हा बायांच्या हातची ही कमाईच अनेक घरांना पुरली.

तर आता तुमच्याकडे येऊ. तुमच्या गावात तरुण मंडळ आहे, आणि मुंबईतही गावाचं मंडळ असणार. परळ, लालबाग, गिरगावात गावकीच्या खोल्या अजून आहेत. त्या मंडळांनी वर्गणी काढून गावात देवळं बांधली, शाळेला वर्ग बांधून दिले. पण गावात यंदा कुठल्या मुलाचं शिक्षण सुटायला आलंय, हे मुंबईत बसलेल्या माणसाला कळणार कसं? ते तुमच्या गटाला कळतं. हप्ता भरायला न आलेल्या बाईच्या घरी काय झालंय हे तुम्हाला सगळ्यात आधी कळतं. वर्गणी त्यांच्याकडे आहे, माहिती तुमच्याकडे आहे, आणि दोघांची गाठ वर्षातून एकदाच, हळदीकुंकवाला पडते.

दुसरं म्हणजे, तुमच्यातलं लेकरू घेऊन कुणी परळला वाडिया, केईएम किंवा टाटा रुग्णालयात येणार असेल, तर निघण्याआधी मुंबईच्या मंडळाला फोन करा. रक्तदाते शोधायला आणि रांगेत नंबर लावायला ही पोरं फार उपयोगी पडतात. गावकीच्या खोलीत पुरुषांचीच वस्ती असते, तिथं बाईला उतरता येत नाही. मंडळातल्या कुणाच्या घरी सोय होईल का, ते आधीच विचारून ठेवा. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथं कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात.

गणपतीची पावती पुस्तकं श्रावणाच्या आसपास छापली जातात. मंडळाची बैठक त्याआधी होते. गटातल्या दोघींनी त्या बैठकीला जायचं, आणि जाताना गावातल्या शाळकरी मुलांचा आकडा घेऊन जायचं.

आता बालसंगोपनाची कागदपत्रं सांगतो, वही-पेन घ्या. मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड. वारलेल्या पालकाचा मृत्यूचा दाखला. शाळेचं बोनाफाईड. रेशन कार्ड. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. बँकेचं पासबुक आणि फोटो. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. आणखी काही कागद लागत असतील तर तिथंच विचारून घ्या, म्हणजे एक फेरी वाचेल. आणि एखादं मूल संकटात दिसलं तर नंबर आहे 1098, फोन फुकट लागतो.