अविश्वासाचा लाभ कोणाला?

अमुक खाल्ल्याने कर्करोग होतो, ही बातमी सामान्य माणूस आता हसण्यावारी नेतो. हे हसणे अकारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ साली कॉफीवर मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय नोंदविला. २०१६ साली, तसे म्हणण्यास पुरावा पुरेसा नाही, असा निर्वाळा दिला. नव्या पुराव्यापुढे मत बदलणे ही विज्ञानाची रीतच आहे. वाचकाच्या पदरी मात्र गोंधळ पडला.

२०१५ साली याच संस्थेने प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्या गटात घातले. दोन्ही सारखेच घातक, अशा अर्थाचे मथळे झळकले. वस्तुतः तो गट पुराव्याची खात्री सांगतो. धोक्याचे प्रमाण सांगत नाही. संस्थेने तेव्हाच दिलेल्या अंदाजानुसार जगात अशा मांसाच्या अतिसेवनाने वर्षाला सुमारे ३४ हजार, तर तंबाखूने सुमारे १० लाख माणसे कर्करोगाने दगावतात.

हा फरक पुसला गेल्यास लाभ कोणाचा? १९५४ साली अमेरिकेतील सिगारेट कंपन्यांनी पानभर जाहिराती देऊन धूम्रपान व कर्करोग यांच्या संबंधाविषयी शंका पेरली. ‘सगळ्यानेच कर्करोग होतो’ असे म्हणत तंबाखू मळणारा कामगार आज त्याच शंकेचे ओझे फुकट वाहतो.

कार्यकर्त्यांनी त्याला हिणवू नये. किती खाल्ल्याने, धोका किती वाढतो, संशोधनाला पैसा कोणाचा, हे तीन प्रश्न त्याच्या हाती द्यावेत. असा डोळस संशय श्रमिकाच्या उपयोगी पडेल. आंधळा अविश्वास मात्र तंबाखूच्या व्यापाऱ्याचेच भांडवल ठरेल.