राखलेल्या समुद्राचा पगार कोण देणार?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. समुद्रशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. पण पगारपत्रक वाचण्याची सवय आम्हांला आहे, आणि आजच्या विषयाकडे आम्ही त्याच नजरेने पाहणार आहोत.

सागरी संरक्षित क्षेत्र म्हणजे समुद्राचा एखादा पट्टा आखून घेऊन तेथील मासेमारी, नांगर टाकणे, प्रवाळ तोडणे यांवर बंदी किंवा मर्यादा घालावयाची. माशांची वीण टिकावी, हा हेतू. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे जगातील राष्ट्रांनी २०३० पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा तीस टक्के भाग राखण्याचे ठरविले. हेतू उत्तम आहे. परंतु अधिसूचना छापावयास एक दिवस पुरतो, पहारा मात्र बारा महिने चालवावा लागतो. गस्तीच्या होडीला डिझेल लागते, इंजिनाला दुरुस्ती लागते, आणि पहारेकऱ्याच्या घरी पहिल्या तारखेला पगार पोहोचावा लागतो. तो कोणी द्यावयाचा?

कॅरिबियन समुद्रात बोनेअर नावाचे डच बेट आहे. १९७९ साली त्याच्या भोवतालचा समुद्र, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, राखीव झाला. सुरुवातीचा पैसा हॉलंडमधून आला. काही वर्षांत तो संपला आणि त्याबरोबर पहाराही संपला. कायदा तेवढा कागदावर उरला. पुढे १९९१ च्या सुमारास काम पुन्हा उभे राहिले, ते आता स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे या अटीवर. १९९२ पासून बुडी मारून प्रवाळ पाहणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून वर्षाला १० डॉलर घेण्यास आरंभ झाला. पाहुणे पाठ फिरवितील ही भीती खोटी ठरली आणि चालू खर्च बहुतांशी त्यातून भागू लागला. यातून आम्ही एवढेच शिकतो, की देणगी ही उचल आहे, पगार नव्हे. उचलीवर संसार चालत नाही.

पण पाहुण्यांवरची कमाई हीसुद्धा हंगामी कामगाराची कमाई. २०२० साली महामारीत विमाने थांबली, पर्यटन बसले, आणि अशा फीवर जगणारी क्षेत्रे जगभर अडचणीत आली. म्हणून चालू आवकेमागे स्थायी निधी हवा. हिंदी महासागरातील सेशेल्सने त्याची एक वाट दाखविली. २०१५-१६ मध्ये या देशाच्या सुमारे २ कोटी १६ लाख डॉलर कर्जाची नवी बांधणी झाली. परतफेडीतला काही हिस्सा परदेशी धनकोऐवजी देशातल्याच न्यासाकडे वळविण्यात आला. त्यातून दरवर्षी कामाला पैसा मिळावा आणि मुद्दलही साठत जावे, अशी योजना आहे. २०२० मध्ये सेशेल्सने आपल्या सागरी हद्दीचा तीस टक्के भाग संरक्षित म्हणून जाहीर केला.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. प्रशांत महासागरातील किरिबाटी या गरीब देशाने फिनिक्स बेटांभोवतीचा चार लाख चौरस किलोमीटरांहून मोठा समुद्र राखीव केला आणि १ जानेवारी २०१५ पासून तेथील व्यापारी मासेमारी बंद केली. परदेशी जहाजांचे परवाने हाच या देशाच्या उत्पन्नाचा मोठा आधार. २०२१ च्या अखेरीस तेथील सरकारने बुडालेल्या उत्पन्नाचे कारण देऊन हा समुद्र पुन्हा खुला करण्याचे जाहीर केले. दोष किरिबाटीच्या माथी मारणे सोपे आहे. पण लाभ साऱ्या जगाचा आणि तोटा एका गरिबाचा, असा करार किती दिवस टिकणार?

हा प्रश्न आपल्याही दारात आहे. १९८७ साली मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. मच्छीमारांनी विरोध केला. त्यांना अडाणी म्हणणारे शहाणे पुष्कळ भेटतील. आम्ही विचारतो, ज्या रापणकराचे पोट त्या पाण्यावर आहे, त्याची चूल बंदीच्या दिवसांत कशाने पेटावयाची, हे कोणत्या कागदावर लिहिले आहे?

तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. समुद्र राखावयाचा तर हिशेबाच्या वहीत तीन खाती पहिल्या दिवसापासून हवीत. चालू खर्चाचे खाते पाहुण्यांच्या आणि समुद्रावर नफा कमावणाऱ्यांच्या वर्गणीतून भरावे. वाईट वर्षासाठी स्थायी निधी असावा; त्याच्या व्याजाला हात लावावा, मुद्दलाला नाही. आणि तिसरे खाते मच्छीमारांच्या भरपाईचे. पहारेकरी त्यांच्यातूनच नेमावेत, हंगामी नव्हे, कायम. कारभाराच्या समितीत त्यांचे निवडलेले प्रतिनिधी बसवावेत. आणि वर्षाचा जमाखर्च बंदरावर उघड वाचून दाखवावा.

हे महाग पडेल असे कोणी म्हणेल. पण ज्याला पगार नाही तो पहारा देत नाही, आणि ज्याला भरपाई नाही तो बंदी पाळत नाही. मग नकाशावरची रेघ भरतीच्या पहिल्या लाटेबरोबर पुसली जाते. पुढच्या वेळी कोणी मंत्री समुद्र राखल्याची घोषणा करतील, तेव्हा टाळ्या अवश्य वाजवा. पण त्यानंतर उभे राहून पगारपत्रक मागा.