आकडा आणि रीत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आत्ता माझी ओळख करून देताना सांगितलं गेलं की माझ्या नावावर ४६ शोधनिबंध आहेत आणि माझा एच-इंडेक्स १७ आहे. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, त्याबद्दल आभार. पण मागच्या रांगेतून आलेला प्रश्नही मला ऐकू आला: "अगं, हा इंडेक्स वाढलेला बरा की कमी झालेला?" आपल्या वयात साखर आणि कोलेस्टेरॉल यांचेच आकडे कानावर पडतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. शिवाय तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं पीएच.डी. करताहेत किंवा कॉलेजात नोकरी शोधताहेत. त्यांचं भवितव्य या आकड्यांवर ठरतं. म्हणून आज त्याविषयीच बोलते.

आधी हिशेब समजून घेऊ. एखाद्या संशोधकाने आपल्या लेखात माझ्या निबंधाचा आधार घेतला आणि शेवटी तशी नोंद केली, की माझ्या खात्यात एक उल्लेख जमा होतो. समजा कुणाचे पाच निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे १०, ८, ५, ४ आणि १ उल्लेख मिळालेत. यातल्या चार निबंधांना प्रत्येकी किमान चार उल्लेख आहेत. पाच निबंधांना किमान पाच मात्र नाहीत. म्हणून त्याचा एच-इंडेक्स चार. ही कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडली. बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही तो काढता येतो, आणि म्हणूनच तो इतका पसरला.

उल्लेख मोजण्याची पद्धत त्याहून जुनी. अमेरिकेतल्या युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ती सुचवली आणि १९६४ मध्ये त्यांची विज्ञानातली उल्लेखसूची बाहेर पडली. आपल्यातल्या वकील मंडळींना हे लगेच कळेल. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढे कोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे दाखवणारी सूची अमेरिकेतल्या वकिलांकडे एकोणिसाव्या शतकापासून होती. तीच युक्ती गारफील्डनी विज्ञानाला लावली. हेतू असा, की एखादा विचार पुढे कुणी नेला, कुणी खोडला, हे ग्रंथालयात बसून शोधता यावं. वाट दाखवायला केलेल्या साधनाची पुढे माणसं मोजायची पट्टी झाली.

ही पट्टी काय मोजते, ते बघा. जगात सर्वांत जास्त उल्लेख मिळालेला निबंध आहे १९५१ सालचा, ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. द्रावणात प्रथिन किती आहे हे मोजण्याची रीत त्यात दिली आहे. त्याला तीन लाखांहून अधिक उल्लेख आहेत. 'नेचर' या नियतकालिकाने २०१४ मध्ये अशा पहिल्या शंभर निबंधांची यादी दिली, तेव्हा वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा १९५३ चा निबंध त्या शंभरात नव्हता. लॉरींची रीत रोज लागणारी, म्हणून रोज नोंदली गेली. डीएनएची रचना पाठ्यपुस्तकात गेली, मग तिची नोंद करायची गरजच कुणाला वाटली नाही.

ही पट्टी थांबतही नाही. मेंडेल यांचा वाटाण्यांवरचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला आणि १९०० सालापर्यंत जवळपास पडून राहिला. मेंडेल १८८४ मध्येच वारले होते. आजच्या मुलाखतीत तीन वर्षांचे उल्लेख विचारतात!

आता घरातलं उदाहरण. द. रा. कापरेकर यांचं नाव आपल्या गणिताच्या सरांनी घेतलेलं काहींना आठवत असेल. जन्म डहाणूचा, नोकरी देवळालीला शाळामास्तराची, १९६२ पर्यंत. आपलं दहावीचं वर्ष घ्या, १९८४. त्यातले अंक उतरत्या क्रमाने लावले की ९८४१, चढत्या क्रमाने १४८९. वजाबाकी ८३५२. पुन्हा तसंच करा: ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हेच करा, ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. चारही अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबते. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मांडलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि जगभर नाव झालं. तोवर त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती. एखाद्या निवड समितीने १९६० साली त्यांचे उल्लेख मोजले असते, तर काय हाती लागलं असतं, कल्पना करा.

माझ्या स्वतःच्या खात्याकडेही याच नजरेने बघा. मी विहिरी आणि भूजल यांवर काम करते. विहीर उपसल्यावर पाणी किती वेळात पुन्हा वर येतं, त्यावरून आपल्या काळ्या पाषाणातून किती पाणी मिळेल, हे काढायच्या रीतीत आम्ही थोडी सुधारणा केली. त्या निबंधाला सर्वांत जास्त उल्लेख आहेत. यातले काही मला खरोखर मोलाचे वाटतात, कारण परदेशातल्या एका गटाने तिकडच्या खडकाला ती रीत लावून पाहिली आणि ती कुठवर चालते, कुठे थांबते, हे आखून दिलं. उल्लेख म्हणजे कुणीतरी वाचलं, करून पाहिलं आणि उत्तर दिलं. असा उल्लेख मिळण्यासारखं सुख नाही.

पण एका दुष्काळी गावात आम्ही चार वर्षं, दर पंधरवड्याला, विहिरींची पातळी मोजली. त्याचा अहवाल मराठीत लिहिला, कारण तो वाचणार होते गावकरी. ग्रामसभेत त्यावरून कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी नव्या बोअरवर मर्यादा घालायचा ठराव झाला. या अहवालाचे उल्लेख शून्य. बढतीच्या अर्जात तो लिहायला रकानासुद्धा नव्हता.

इथपर्यंत हा आकड्याचा अपुरेपणा झाला. आता धोका सांगते. आकड्यावर नोकरी ठरू लागली, की लोक आकडा तयार करू लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत अध्यापकांसाठी गुणांकन आणलं, त्यात छापलेल्या निबंधांना गुण होते. पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना आपल्याकडे आयतं गिऱ्हाईक मिळालं. पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये आयोगाची मान्यताप्राप्त यादी तपासली. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांच्या नमुन्यातली ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली. दुखणं फक्त आपलं नाही. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० हून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले.

हे आपल्या घरापर्यंत आलं आहे. आपल्याच वर्गातल्या एकीची मुलगी पीएच.डी. करते आहे. दोघींची परवानगी घेऊन सांगते. तिला एका एजंटाचा फोन आला: "पैसे भरा, निबंध आम्हीच लिहून देतो, तुमचं नाव पहिलं." तिने नकार दिला. तिचा खरा निबंध वर्षभर परीक्षकांकडे फिरतो आहे. मधल्या काळात एका कॉलेजात जागा निघाली. ज्याची यादी लांब होती त्याला ती मिळाली, हिला नाही. तिच्या आईने मला विचारलं, "आम्ही तिला प्रामाणिकपणा शिकवून नुकसान केलं का?"

याला गोड उत्तर माझ्याकडे नाही. तिचं नुकसान झालं, हे खरं आहे. पण मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे अशी सक्ती उरलेली नाही. आपल्या विद्यापीठाचा नियम लेखी विचारून घे, घाबरून पैसे भरू नकोस. दुसरी, विकत घेतलेला निबंध कायम आपल्या नावावर राहतो आणि उद्या मागे घेतला गेला तर तेही नावासकट जाहीर होतं.

आणि समितीत बसणाऱ्या आम्हा लोकांसाठी तिसरी गोष्ट. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी एक जाहीरनामा तयार केला. नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचं काम जोखू नका, काम प्रत्यक्ष पाहा, असा त्याचा मथितार्थ. मी आता ज्या समितीत बसते, तिथे प्रत्येक उमेदवाराकडून त्याला स्वतःला आवडलेला एकच निबंध मागवते आणि तो पूर्ण वाचते. वेळ लागतो. पण पाच मिनिटं त्यावर प्रश्न विचारले, की काम कुणी केलं ते कळतं.

गुरुजनहो, हे तुम्ही आधीच करत होतात. उत्तर चुकलं तरी रीतीला गुण मिळायचे, आणि नुसतं उत्तर बरोबर लिहिलं की "रीत कुठाय?" असं लाल शाईत यायचं. त्यासाठी पन्नास-साठ वह्यांची प्रत्येक पायरी तुम्ही वाचत होतात. शोधनिबंध तपासण्याची याहून चांगली पद्धत मला पुढे कुठल्याही विद्यापीठात शिकायला मिळाली नाही.

म्हणून शेवटी एक सूचना मांडते. आपण जमवलेल्या निधीतून दहावीत पहिल्या येणाऱ्यांना बक्षिसं द्यायचं ठरलं आहे, ती जरूर द्यावीत. पण एक बक्षीस निरीक्षणवहीला ठेवू या. मुलाने वर्षभर काहीही बघावं, पाऊस, मुंग्या, एसटीच्या वेळा, शेजारची विहीर, आणि स्वतःच्या हाताने नोंद करावी. टक्के विचारायचे नाहीत. आपल्यातल्या दोघांनी प्रत्येक वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची आणि खाली चार ओळींचा अभिप्राय लिहायचा. त्या दोघांत माझं नाव आजच लिहून घ्या. दुसरं कोण येतंय, ते जेवायला बसण्यापूर्वी सांगा.