नेतृत्व आणि संवाद : पदव्युत्तर शिक्षणातून काय मिळवावे?

(सुवर्णमहोत्सवी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आज आपल्या घराघरांतील मुले-मुली व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेरगावी जात आहेत. त्यासाठी आईवडील साठवलेली पुंजी खर्च करतात, प्रसंगी बँकेचे कर्ज काढतात. ते कर्ज नोकरीतून फिटेल. परंतु तेथे शिकवले जाणारे नेतृत्व आणि संवाद हे विषय खरोखर पदरात पडले की नाही, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही. म्हणून आज त्याच दोन विषयांचा विचार करू.

उदाहरणादाखल अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था घेऊ. १९६१ साली ती स्थापन झाली. तिच्या उभारणीत डॉ. विक्रम साराभाई यांचा मोठा वाटा होता. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या सहकार्यामुळे तेथे 'केस' पद्धत रुजली. या पद्धतीत तयार सिद्धान्त पाठ करवून घेतले जात नाहीत. एखाद्या उद्योगापुढे किंवा संस्थेपुढे प्रत्यक्ष उभा राहिलेला पेच विद्यार्थ्यांच्या हाती दिला जातो. त्याने तो आधी एकट्याने वाचावा, मग सहाध्यायांच्या लहान गटात त्याची चर्चा करावी आणि शेवटी भर वर्गात आपला निर्णय मांडावा, अशी अपेक्षा असते. वर्गातील सहभागालाही महत्त्व असते.

येथेच मराठी माध्यमातून आलेला हुशार विद्यार्थी अडखळतो. इंग्रजी चुकेल, लोक हसतील, या भीतीने तो गप्प राहतो. याउलट दुसरा एखादा केवळ गुणांसाठी प्रत्येक तासाला हात वर करतो. नुकसान दोघांचेही होते. पहिल्याचे मत कसोटीला लागत नाही आणि दुसऱ्याला इतरांचे मत ऐकू येत नाही. माझी सूचना अगदी साधी आहे. तासापूर्वी आपला निर्णय आणि त्याची कारणे चार ओळींत लिहून ठेवा. तासाला एकदा तरी बोला आणि शक्यतो आधीच्या वक्त्याचा मुद्दा धरून बोला. तास संपल्यावर आपले मत कोठे बदलले आणि कोणाच्या म्हणण्यामुळे बदलले, हे त्याच पानावर नोंदवा. वर्षअखेर ही वही कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाची ठरेल.

संवाद म्हणजे केवळ वक्तृत्व नव्हे. या संस्थेत लेखी विश्लेषण आणि संवाद हा स्वतंत्र विषय पहिल्या वर्षी शिकवण्याची परंपरा आहे. समस्या नेमकी कोणती, पर्याय किती, ते कोणत्या निकषांवर पारखायचे, निवड कोणती आणि ती अमलात कशी आणायची, हे सर्व मोजक्या शब्दांत आणि ठरलेल्या वेळेत लिहून द्यावे लागते. असे लिहू लागले की एक गोष्ट ध्यानात येते. आपल्याला भाषा अडवत नसते, विचारातील गोंधळ अडवत असतो. विचार स्पष्ट असेल तर साधी वाक्येही पुरतात. म्हणून तपासून आलेल्या कागदावर केवळ गुण पाहू नका. शेरे वाचा आणि तोच मजकूर पुन्हा लिहून काढा.

आता नेतृत्वाकडे वळू. हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये हा विषय अनेक वर्षे शिकवणारे रोनाल्ड हायफेट्झ यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक महत्त्वाचा भेद सांगितला आहे. काही प्रश्न जाणकार बोलावून सुटतात. काही प्रश्न मात्र संबंधितांनी आपल्या सवयी आणि समजुती बदलल्याशिवाय सुटत नाहीत. सभागृहाचे छप्पर गळते, तेव्हा गवंडी पुरतो. तरुण मंडळी सभेला फिरकत नाहीत, तेव्हा नव्या खुर्च्या आणून भागत नाही. तेथे ज्येष्ठांना आणि तरुणांना, दोघांनाही बदलावे लागते. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला पहिल्याचे औषध देणे, ही नेतृत्वाची नेहमीची चूक होय. अभ्यासक्रमाला जाताना आपल्या दुकानातील, घरातील अथवा संस्थेतील असा एक न सुटलेला प्रश्न बरोबर न्या. शिकलेला प्रत्येक विचार त्यावर घासून पाहा.

हायफेट्झ यांनी अधिकारपद आणि नेतृत्व यांतही फरक केला आहे. त्याचे उत्तम उदाहरण अहमदाबादच्या संस्थेतच सापडते. प्रा. रवी मथाई हे १९६५ पासून तिचे पूर्णवेळ संचालक होते. संस्था नावारूपाला आलेली असताना १९७२ साली ते स्वतःहून पदावरून बाजूला झाले आणि त्याच संस्थेत प्राध्यापक म्हणून काम करीत राहिले. पुढे राजस्थानातील जवाजा येथे विणकर आणि कारागीर यांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे, म्हणून त्यांनी त्यांच्यासोबत काम केले. खुर्ची सोडल्यानंतरही त्यांच्या कामाची उंची कमी झाली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ज्याने आपले मत चारचौघांत तपासू दिले, त्यालाच या शिक्षणाचा पुरेपूर लाभ होतो. आणि ज्येष्ठांना एक नम्र विनंती. ही मुले परत येतील, तेव्हा केवळ सत्कार करून त्यांना निरोप देऊ नका. विश्वस्तांच्या बैठकीत त्यांना बसवा, एखादा अवघड प्रश्न त्यांच्या स्वाधीन करा आणि त्यांचे उत्तर आपल्याला न पटणारे असले तरी पूर्ण ऐकून घ्या. त्यांनी शिकलेल्या संवादाची परीक्षा तेथे होईल. आणि थोडीशी आपलीही होईल.