पाकिटाची आगोट

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



विषय जाहीर होताच मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली. वर्धापनदिनाला बोलायचे, आणि तेही नूडल्सच्या पाकिटावर! पण ज्यांच्या फडताळात एकही पाकीट नाही, त्यांनी हात वर करावा म्हटले, तर किती हात वर येतील? नातवंडे येतात म्हणून, मुलगा पुण्यामुंबईला शिकायला आहे म्हणून, अडीअडचणीला असावे म्हणून आपण ते आणतोच. तेव्हा नूडल्स खाव्यात की खाऊ नयेत हा वाद मी आज काढत नाही. २०१५ साली शिशावरून देशभर गाजलेले प्रकरणही बाजूला ठेवते. तो प्रश्न प्रयोगशाळेचा आणि न्यायालयाचा होता. फडताळाचा प्रश्न मात्र आपला आहे.

पावसाळ्यापूर्वी आपण आगोट भरतो. आमसुले, फणसपोळी, पापड, कुरडया, शेवया, सगळ्याला ऊन दाखवून डबे घट्ट लावतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर हे शहाणपण आपल्या सासवांनी आणि आज्यांनी जपले. पण पाकीट आले आणि आपल्याला वाटले, याला काही करायला नको, याच्यावर तारीख छापली आहे. तिथेच आपण फसतो.

१९५८ च्या ऑगस्टमध्ये जपानात मोमोफुकू आंदो यांनी झटपट नूडल्स प्रथम विकायला काढल्या. त्यांची युक्ती साधी होती. मैद्याचे सूत वाफवायचे आणि तेलात तळायचे. तळताना पाणी निघून जाते आणि त्याच्या जागी तेल शिरते. पाणी नाही म्हणून बुरशी लागत नाही. परंतु तेल आहे, म्हणून त्या खवट होतात. बहुतेक पाकिटांत १०० ग्रॅममागे १५ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. आपल्या घरच्या शेवयांत तो नावालाही नसतो. दिसायला दोघी बहिणी, पण त्यांची प्रकृती निराळी.

म्हणूनच शेवयांचा नियम इथे लावू नये. शेवया दमटल्या तर त्यांना ऊन द्यावे, नूडल्सना कधीही देऊ नये. ऊन, उष्णता आणि हवा ही तिन्ही तेलाची वैरी. खिडकीतल्या फळीवर किंवा गॅसच्या वरच्या कपाटात ठेवलेले पाकीट तारखेच्या आधीच उतरते. खवट खोबरे आपण वासावरून ओळखतो, तसाच वास इथेही घ्यावा. खवटपणा उकळल्याने जात नाही आणि मसाल्याने झाकला तरी पोटाला कळतो. मसाल्याची पुडी दगडासारखी घट्ट लागली, तर दमट हवा आत शिरली असे समजावे.

मग ठेवावे कोठे? घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, भिंतीला न टेकवता, थंड आणि अंधाऱ्या जागी. डब्याचे काम केवळ दमटपणा रोखण्याचे नाही. टोके आणि सोनकिडे पातळ वेष्टनातून वाट काढतात. उंदीर तर वेष्टन कुरतडतोच, शिवाय त्याच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो, आणि तो ताप कोकणाला नवा नाही. साबण, फिनेल, डांबराच्या गोळ्या यांच्या शेजारी खाण्याची पाकिटे ठेवू नयेत. २००८ साली जपानमध्ये कपातल्या नूडल्समध्ये कपड्यांत ठेवण्याच्या गोळ्यांतले द्रव्य सापडले आणि लाखो कप बाजारातून परत घ्यावे लागले. वेष्टनातून पाणी जात नाही, पण उग्र वास जाऊ शकतो.

आता तारखेविषयी. पूर्वी कित्येक पाकिटांवर उत्पादनाची तारीख एकीकडे आणि 'इतक्या महिन्यांच्या आत उत्तम' हे दुसरीकडे छापलेले असे. हिशेब आपल्यालाच करावा लागे. पाकीट घरी आणल्याबरोबर मुदतीचा शेवटचा महिना डब्यावर ठळक लिहावा. नवी पाकिटे मागे, जुनी पुढे. 'बेस्ट बिफोर' म्हणजे तोवर चव आणि गुण उत्तम. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' म्हणजे त्यानंतर खाऊच नये. दोन्ही मुदती पाकीट बंद आणि कोरडे राहिले तरच खऱ्या. फोडलेल्या पाकिटाला ती तारीख लागू नाही, आणि शिजवलेल्या नूडल्सचे आयुष्य तर तासांत मोजावे. उन्हाळ्यात दोन तासांपलीकडे त्या बाहेर ठेवू नयेत. रामआळीतल्या दुकानात मुदत उलटलेले पाकीट हाती आले, तर दुकानदाराला शांतपणे दाखवावे. तो ऐकत नसेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

अडीअडचणीचा साठा म्हणून या पाकिटांचे मोल मी नाकारत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी घरे अनेक दिवस विजेविना होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत शिरले. अशा वेळी एक कोरडा डबा घराला दोन दिवस तारतो. म्हणून तो माळ्यावर, उंच असावा. मात्र पुराच्या पाण्यात बुडालेले पाकीट वरून शाबूत दिसले तरी टाकूनच द्यावे. सांध्यातून काय आत गेले, हे डोळ्यांना दिसत नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट बोलते, राग मानू नये. मुदत उलटलेले पाकीट आपल्या मुलाला द्यायला आपण धजत नाही, पण टाकवतही नाही. मग ते धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या हाती 'मुलांना दे हो' म्हणून जाते. पूरग्रस्तांसाठी जमवलेल्या वस्तूंतही असली पाकिटे निघतात. याला दान म्हणू नये. तिचीही मुले आपल्या मुलांसारखीच आजारी पडतात, आणि औषधपाण्याचा खर्च तिला आपल्यापेक्षा जड जातो. द्यायचेच तर मुदत संपायला दोन महिने असताना द्यावे, तारीख दाखवून द्यावे.

माझी सूचना एवढीच आहे. दरवर्षी मृगाच्या आधीच्या आठवड्यात, आगोट भरताना, प्रत्येकीने पाकिटांचा डबाही रिकामा करून पाहावा. जवळ आलेले आधी वापरावे किंवा वेळेत देऊन टाकावे, उलटलेले फेकावे. मंडळाने जमवलेल्या मदतीच्या वस्तूंनाही हाच नियम लावावा, अशी चिटणीसबाईंना विनंती करते आणि आपली रजा घेते.