शिन्खू : कष्टाची दखल घेणारा शब्द

आज आम्ही चिनी भाषेतला एक रोजच्या वापरातला शब्द घेऊन आलो आहोत, शिन्खू. 'शिन्' म्हणजे तिखट, 'खू' म्हणजे कडू. दोन्ही मिळून अर्थ होतो कष्टाचं, दमवणारं. काम जड असलं की चिनी माणसं म्हणतात, 'हन शिन्खू', म्हणजे फार कष्टाचं. आपल्याकडे दमला, दमली असं रूप बदलतं. हा शब्द बाईला आणि पुरुषाला सारखाच.

त्याला 'ल' जोडून 'शिन्खू ल' म्हटलं, की अर्थ होतो, 'खूप कष्ट घेतलेत तुम्ही.' लांबचा प्रवास करून आलेल्याला, काम उरकलेल्याला असं म्हणतात. आभारासाठी 'श्ये-श्ये' हा शब्द वेगळा आहे. आभार मानताना आपल्याला काय मिळालं ते बघतो. 'शिन्खू ल' म्हणताना समोरच्याला काय सोसावं लागलं ते बघतो.

घरातल्या बाईचं काम असं किती जण बघतात? सुरुवात आपणच करू या. गटाचा हिशेब लिहिणारीला, शेतावरून आलेल्या सुनेला, चुलीपुढच्या सासूबाईंना आपल्याच बोलीत म्हणू या, 'फार कष्ट पडले हो तुम्हाला!'