आधी खोली, मग माइक

वर्धा जिल्ह्यात गावोगावी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी भजने म्हटली जातात. ती म्हणणारी जुनी माणसे आता थकत चालली आहेत. त्यांचा आवाज घरीच ध्वनिमुद्रित करायचा, तर माइक कोणता घ्यावा, असे मला अनेकजण विचारतात. मी सांगतो, आधी खोली पाहा.

पत्र्याच्या छपराखाली, रिकाम्या भिंतींत आवाज घुमतो. दोन-चार गोधड्या टांगा. पंखा, कूलर बंद ठेवावे लागतात; म्हणून उन्हाळ्यात पहाटेची वेळ धरा.

कंडेन्सर माइक रस्त्यावरची मोटारसायकलही टिपतो. अशा घरात डायनॅमिक माइक बरा. तो गाणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि छोट्या ऑडिओ इंटरफेसमधून संगणकाला जोडा. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. खंजेरी जोरात वाजली, तरी पातळीचा काटा लाल रेषेला लागता कामा नये. फाटलेला आवाज नीट सांधता येत नाही. मूळ फाइल ‘वेव्ह’मध्ये, दोन ठिकाणी जपा. ‘एमपी-थ्री’ फक्त वाटण्यापुरती.

एवढेही जमत नसेल, तर हातातला मोबाइल घ्या, पण आजच बसा. माइक पुढच्या वर्षीही मिळेल. आजोबांच्या आवाजाचे तसे सांगता येत नाही.